दोघांच्या नावावरचा फ्लॅट, चौघांच्या नावावरचा सातबारा: सामाईक मालकी कायद्यात कशी चालते

"फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, एकाचं बरंवाईट झालं तर आपोआप दुसऱ्याचाच होतो." शिकल्यासवरल्या घरांत हे वाक्य सर्रास ऐकू येते आणि त्यावर विसंबून माणसे मृत्युपत्र करायचे टाळतात. भारतात बहुतेक वेळा हे खरे नसते. ते का खरे नसते हे नीट समजले की घर घेताना काय लिहायचे, कोणी गेल्यावर काय करायचे आणि वाटणी कशी उरकायची, हे सगळे बरेच सोपे होते. म्हणून आधी एक हिशेब करू.

समजा, पुण्यात नवरा-बायकोने मिळून फ्लॅट घेतला, निम्मा-निम्मा. कुटुंब हिंदू. नवरा मृत्युपत्र न करता वारला. मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी आणि नवऱ्याची आई. हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे हे चौघेही पहिल्या वर्गाचे वारस आहेत. (वडील हयात असते तरी ते पहिल्या वर्गात येत नाहीत; आई येते. हे अनेकांना माहीत नसते.) बायकोचा स्वतःचा निम्मा हिस्सा तिचाच राहतो. नवऱ्याच्या निम्म्याचे चार भाग होतात, म्हणजे प्रत्येकाला अख्ख्या फ्लॅटचा 1/8. बायकोकडे एकूण 5/8, मुलाकडे 1/8, मुलीकडे 1/8, सासूकडे 1/8.

काही वर्षांनी सासूबाई गेल्या, त्यांनीही मृत्युपत्र केले नव्हते. त्यांचे यजमान आधीच वारलेले, आणखी एक मुलगा आणि एक मुलगी हयात. सासूच्या 1/8 चे तीन भाग पडतात: हयात मुलगा, हयात मुलगी आणि वारलेल्या मुलाची शाखा. आता फ्लॅटमध्ये बायको 30/48, मुलगा 7/48, मुलगी 7/48, दीर 2/48 आणि नणंद 2/48 असे पाच मालक झाले. नवरा-बायकोने हप्ते भरून घेतलेल्या घराच्या विक्रीखतावर आता दीर-नणंदेची सही लागते. कोणी लबाडी केलेली नाही, कोणी कोर्टात गेलेले नाही. फक्त एक मृत्युपत्र राहून गेले.

सामाईक म्हणजे नक्की कोणत्या प्रकारचे

एकत्र मालकीचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एकात सगळे मालक मिळून एकच मालक धरले जातात. एक गेला की त्याचा हक्क उरलेल्यांकडे सरकतो, वारसांकडे जातच नाही. याला उत्तरजीवित्वाची मालकी म्हणा, जॉइंट टेनन्सी म्हणा. दुसऱ्यात प्रत्येकाचा ठरलेला, मोजता येणारा हिस्सा असतो, भले जागा जमिनीवर आखून वेगळी केलेली नसो. तो हिस्सा विकता येतो, बक्षीस देता येतो, मृत्युपत्राने देता येतो आणि काहीच केले नाही तर वारसांकडे जातो. ही टेनन्सी इन कॉमन.

भारतातल्या कायद्याचा कल स्पष्टपणे दुसऱ्या प्रकाराकडे आहे. हिंदू एकत्र कुटुंबातली सहदायादी (वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतःच मिळणारी एकत्र मालकी) सोडली तर उत्तरजीवित्वाची मालकी हिंदू कायद्याला परकी आहे, असे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, 1896 सालीच म्हटले होते. हिंदू वारसा कायद्याचे कलम 19 सांगते की अनेक वारसांना एकत्र मिळालेली मालमत्ता ते आपापल्या वेगळ्या हिश्श्याने धारण करतात. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 चे कलम 45 सांगते की अनेकांनी मिळून पैसे देऊन मालमत्ता घेतली आणि दस्तात वेगळे काही लिहिले नसेल, तर ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात त्याचा हिस्सा. कोणी किती घातले याचा पुरावा नसेल तर सगळ्यांचे हिस्से समान धरायचे. मुस्लिम कायद्यातही माणूस वारल्या क्षणी प्रत्येक वारसाला ठरलेला हिस्सा मिळतो, एकत्र कुटुंबाची मालमत्ता असा प्रकार तिथे नाही.

मग जिथे उत्तरजीवित्व होते त्या सहदायादीचे काय? तेही 2005 च्या दुरुस्तीने जवळपास संपले. आता सहदायाद वारला की तो जाण्याआधीच्या क्षणी वाटप झाले असे मानतात आणि त्याच्या वाट्याला जे आले असते ते त्याच्या वारसांना जाते. त्याच दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद झाली. वडील 2005 मध्ये हयात असलेच पाहिजेत अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी कायदेशीर रीतीने पार पडलेली वाटपे त्यामुळे उकरली जात नाहीत.

मग आपोआप होते हा समज आला कुठून? मुख्यतः बँकेच्या पासबुकावरून. खात्यावर आयदर ऑर सर्व्हायव्हर असा शिक्का असतो, एक खातेदार गेला तरी दुसऱ्याला पैसे काढता येतात. पण तिथेही बँक फक्त स्वतःची जबाबदारी मोकळी करते. पैसे शेवटी कोणाचे, हा वारसांचा प्रश्न उरतोच. दुसरे कारण परदेशातले नातेवाईक. इंग्लंडमध्ये घर घेताना पती-पत्नींना जॉइंट टेनंट्स की टेनंट्स इन कॉमन हे निवडावे लागते आणि पहिला पर्याय घेतला तर घर खरोखरच मागे राहिलेल्याचे होते. तिथे 1925 च्या कायद्यानुसार एका मालकाने दुसऱ्याला लेखी नोटीस देऊन ती एकत्र मालकी तोडताही येते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत खरेदीखतावर उत्तरजीवित्वाचे शब्द स्पष्ट लिहितात. लंडनच्या घराचा हा नियम कोथरूडच्या फ्लॅटला लावून बरेच जण निर्धास्त राहतात. तुमची मालमत्ता दोन देशांत असेल तर दोन्हीकडचा विचार वेगवेगळा करा.

गोव्यात गोष्ट आणखी निराळी आहे. तिथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर साधारणपणे पती-पत्नीची मालमत्ता एकत्र धरतात आणि त्यात दोघांचा निम्मा-निम्मा हक्क असतो. म्हणून गोव्यातली जमीन विकत घेताना विकणाऱ्याच्या जोडीदाराची सही आहे ना, हे आधी बघा. मृत्यूनंतरची वाटणी तिथे इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याच्या, कार्यवाहीने होते. महाराष्ट्रातल्या वारस नोंदीची सवय तिथे चालत नाही.

पाऊल 1: कागद काढा आणि नेमके काय लिहिले आहे ते वाचा

मालकी खरेदीखतातून, वाटपपत्रातून, बक्षीसपत्रातून, मृत्युपत्रातून किंवा वारसाहक्काने येते. बाकीचे कागद त्या मालकीची नोंद दाखवतात, मालकी देत नाहीत. सातबारा आणि फेरफार हे महसुलाचे कागद आहेत. ग्रामपंचायतीचा नमुना 8 आणि महापालिकेचे घरपट्टीचे बिल हे कर कोणाकडून वसूल करायचा ते सांगतात. लाइटबिलावरचे नाव तर काहीच सिद्ध करत नाही, तरी भांडणात तेच सगळ्यात आधी पुढे येते.

फ्लॅटसाठी नोंदणीकृत करारनामा, त्याची सूची क्रमांक 2 (इंडेक्स टू, नोंदणीचा गोषवारा), सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) आणि सोसायटीकडचा नामनिर्देशनाचा अर्ज काढा. गावठाणातल्या किंवा शहरातल्या घरासाठी मिळकत पत्रिका. शेतीसाठी सातबारा, 8-अ (एका खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि ज्या फेरफारांचे क्रमांक सातबाऱ्यावर दिसतात ते सगळे फेरफार, मागे मागे जात. जुन्या सातबाऱ्यावर आजोबांच्या किंवा थोरल्या काकांच्या नावापुढे ए.कु.मॅ. किंवा ए.कु.क. अशी अक्षरे दिसली तर थांबून विचार करा. त्याचा अर्थ ती नोंद एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा कर्ता म्हणून आहे. पुढे ती अक्षरे गळली आणि काकांचे एकट्याचे नाव राहिले, म्हणून बाकीच्यांचा हक्क गेला असे होत नाही. पण ती जुनी प्रत हातात नसेल तर हक्क दाखवणे फार कठीण जाते. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून तिची प्रमाणित नक्कल आजच काढून ठेवा.

सहकारी सोसायटीच्या फ्लॅटच्या बाबतीत एक फरक लक्षात ठेवा. सह-सभासद म्हणजे फ्लॅटमध्ये खरोखर हिस्सा असलेला, पण भाग दाखल्यावर ज्याचे नाव पहिले नाही असा माणूस. सहयोगी सभासद म्हणजे मूळ सभासदाच्या शिफारशीने, त्याच्या वतीने सभेला बसायला, मत द्यायला घेतलेला घरचा माणूस. त्यामुळे त्याला मालकी मिळत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात 2019 साली गृहनिर्माण संस्थांचे स्वतंत्र प्रकरण आले, त्यात या व्याख्या दिल्या आहेत. सोसायटीच्या दप्तरी सुनेचे नाव सहयोगी सभासद म्हणून असले, तर घर तिच्या नावावर केले असे समजू नका.

पाऊल 2: एकत्र विकत घेताना हिस्से दस्तातच लिहा

बिल्डरच्या छापील करारनाम्यात खरेदीदार म्हणून दोन-तीन नावे एकाखाली एक येतात आणि हिश्श्यांचा उल्लेखच नसतो. मग वीस वर्षांनी कोणी किती पैसे दिले याचे बँक स्टेटमेंट शोधत बसायचे. घर सांभाळणाऱ्या बायकोच्या खात्यातून एक रुपयाही गेलेला नसतो आणि तिचा हिस्सा किती हाच वाद होतो. यावर उपाय करारनाम्यातल्या दोन ओळी आहेत. त्या साधारण अशा लिहून घ्या:

"सदर सदनिकेमध्ये लिहून घेणार क्र. 1 यांचा 50 टक्के व लिहून घेणार क्र. 2 यांचा 50 टक्के अविभाज्य हिस्सा राहील. सदर हिस्से आम्ही परस्पर संमतीने निश्चित केले असून खरेदीच्या रकमेत कोणी किती भर घातली यावरून त्यात कोणताही फरक होणार नाही."

प्रमाण तुमचे तुम्ही ठरवा; 50-50 च असले पाहिजे असे नाही. दोन भाऊ मिळून घेत असतील आणि एकाने 70 टक्के पैसे घातले असतील तर 70-30 लिहा, आणि लाजू नका. घर घेताना सगळे गोडीत असतात, तेव्हाच हे लिहिणे सोपे असते. एक गेल्यावर सगळे दुसऱ्यालाच मिळावे अशी इच्छा असेल तर तसे स्पष्ट शब्द दस्तात घालता येतात. तरी माझा सल्ला, दोघांनी वेगवेगळी मृत्युपत्रे करावीत. ती कधीही बदलता येतात, दस्त बदलता येत नाही.

कर्जाच्या बाबतीत बँका साधारणपणे सगळ्या सहमालकांना सहकर्जदार करून घेतात. उलट मात्र होत नाही: सहकर्जदार म्हणून सही केली, हप्ते भरले, पण करारनाम्यात नाव नाही, तर तुम्ही मालक नाही. मोठ्या भावाच्या घराचे हप्ते धाकट्याने भरायचे आणि दस्त फक्त मोठ्याच्या नावावर, ही व्यवस्था अनेक घरांत आहे. ती लवकरात लवकर कागदावर आणा. आयकरात गृहकर्जाच्या व्याजाची वजावट घ्यायची तर माणूस मालकही हवा आणि कर्जदारही. दोन्ही असतील तर प्रत्येकाला आपल्या मर्यादेपर्यंत ती वेगळी मिळते. पत्नीच्या नावाने घर घेतले आणि पैसे तुमच्या माहीत असलेल्या, हिशेबातल्या उत्पन्नातून गेले असतील, तर बेनामी कायद्याची भीती नको. तो अपवाद कायद्यातच आहे. भावाबहिणीबरोबर, आई-वडिलांबरोबर एकत्र नाव असेल तर त्यालाही अपवाद आहे.

पाऊल 3: मालकी एकत्र असताना कोणाला काय करता येते

वाटणी होईपर्यंत प्रत्येक सहहिस्सेदाराचा हक्क मालमत्तेच्या इंचाइंचावर असतो. "वरची खोली माझी, खालची तुझी" ही सोय झाली, वाटणी नव्हे.

आपला अविभाज्य हिस्सा कोणीही विकू शकतो, त्याला इतरांची परवानगी लागत नाही. हे ऐकून अनेकांच्या पोटात गोळा येतो. पण कायद्याने घरच्यांसाठी तीन कुंपणे घातली आहेत. पहिले, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 44: राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्याने विकत घेतला तरी त्याला त्या घरात येऊन राहण्याचा हक्क मिळत नाही, त्याला वाटपाचा दावाच करावा लागतो. दुसरे, विभाजन कायदा, 1893 चे कलम 4: त्याने दावा केला की घरचा हिस्सेदार कोर्टाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा स्वतः विकत घेऊ शकतो. तिसरे, हिंदू वारसा कायद्याचे कलम 22: वारसाने आलेला हिस्सा एक वारस विकायला निघाला तर पहिल्या वर्गाच्या इतर वारसांना तो आधी विकत घेण्याचा हक्क आहे. हे कलम शेतजमिनीलाही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली सांगितले. भाऊ हिस्सा विकतोय असे कानावर आले तर वाट बघू नका. लगेच लेखी कळवा की तुम्ही घ्यायला तयार आहात.

घर भाड्याने दिले असेल तर भाड्यात सगळ्यांचा वाटा असतो. एकच भाऊ तिथे राहत असेल आणि इतरांना त्याने अडवले नसेल, तर तो राहतो म्हणून भाडे मागता येत नाही. पण त्याने कुलूप बदलले, येऊ दिले नाही, तर इतरांना नुकसानभरपाई मागता येते. दुरुस्ती, घरपट्टी, सोसायटीचे देणे ज्याने भरले त्याने पावत्या ठेवाव्यात. वाटणीच्या हिशेबात त्या उपयोगी पडतात.

मुंबईत-पुण्यात नोकरी करणाऱ्यांना एक भीती कायम असते: बारा वर्षे गावाकडे गेलो नाही, मग हक्क गेला का? नाही. एका सहहिस्सेदाराचा ताबा सगळ्यांच्या वतीने असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1957 पासून अनेकदा सांगितले आहे. नुसते गैरहजर राहिल्याने हक्क बुडत नाही. पण ताब्यातल्या भावाने उघडपणे "तुझा इथे काही संबंध नाही" असे सांगितले, तुम्हाला बाहेर काढले आणि तुम्ही पुढची बारा वर्षे गप्प राहिलात, तर मात्र धोका आहे. असे पत्र, नोटीस किंवा नुसता व्हॉट्सॲपवरचा मेसेज आला तरी लेखी उत्तर द्या.

अज्ञान, म्हणजे वयाने लहान, मुलाचा हिस्सा असेल तर आईला किंवा वडिलांना तो कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. परवानगी न घेता विकला तर मूल सज्ञान झाल्यावर तो व्यवहार रद्द करून मागू शकते. वारसाने आलेला फ्लॅट घेताना वारसांची वये विचारलीच पाहिजेत.

पाऊल 4: एक मालक गेल्यावर

नामनिर्देशित व्यक्ती, म्हणजे नॉमिनी, मालक होत नाही. विम्याच्या पैशांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने हे 1984 मध्ये सांगितले, शेअर्सबद्दल डिसेंबर 2023 मध्ये. गृहनिर्माण सोसायटीतही 2019 नंतर नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतात, वारस ठरेपर्यंत. नॉमिनीचे काम ताबा सांभाळणे, देणी भरणे एवढेच. पत्नीला नॉमिनी केले म्हणून मृत्युपत्राची गरज संपली असे मानू नका.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही. ज्याचे मृत्युपत्र त्याची सही आणि दोन साक्षीदार पुरतात. लाभ मिळणारा माणूस साक्षीदार ठेवू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्या. वरच्या हिशेबातल्या नवऱ्याने "माझा हिस्सा माझ्या पत्नीस" एवढे लिहून ठेवले असते, तर दीर-नणंदेचा प्रश्नच आला नसता. मुस्लिम कुटुंबात इतर वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मृत्युपत्राने देता येत नाही, हे ध्यानात असू द्या.

शेतजमिनीवर वारस लावायचे तर मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, कळवायचे असते. ई-हक्क पोर्टलवरूनही अर्ज होतो. मृत्यूचा दाखला, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र, सगळ्या वारसांचे पत्ते लागतात. मग वारस नोंदवहीत, फेरफारात नोंद होते, हरकतीसाठी नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. वंशावळीतून मुली वगळण्याचा प्रकार इथेच होतो. बहिणीची सासरची वाट लांब, नोटीस पोचत नाही, आणि दोन भावांची नावे लागतात. बहिणींनो, वडील गेल्यानंतर गावचा फेरफार ऑनलाइन उघडून बघा. नाव नसेल तर हरकतीच्या मुदतीत हरकत द्या. मुदत गेली असेल तर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील होते. आणि नोंद झाली नाही तरी हक्क बुडत नाही, फक्त तो मिळवण्याची वाट लांबते.

पाऊल 5: वेगळे व्हायचे ठरले

इथे चार रस्ते आहेत. कोणता घ्यायचा, हे सगळे हिस्सेदार एका मताचे आहेत का आणि मालमत्ता कसली आहे, यावर ठरते.

हक्कसोडपत्र हा सगळ्यात वापरला जाणारा आणि सगळ्यात घाईत सही होणारा कागद. ते फक्त दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या लाभात करता येते, तिऱ्हाइताच्या नाही. नोंदणी सक्तीची आहे. 100 किंवा 500 रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतलेले हक्कसोडपत्र स्थावर मालमत्तेला उपयोगाचे नाही. वडिलोपार्जित मिळकतीत भाऊ, बहीण, मुले, आई-वडील, पती-पत्नी यांच्या लाभात सोडले तर मुद्रांक शुल्क नाममात्र असते. एकत्र विकत घेतलेल्या फ्लॅटमधला हिस्सा सोडताना मात्र ती सवलत नाही. तिथे बाजारभावावर विक्रीइतके शुल्क बसते. म्हणून नवऱ्याने बायकोला राहत्या फ्लॅटमधला आपला हिस्सा द्यायचा असेल तर बक्षीसपत्र करावे. राहत्या घराचे आणि शेतीचे बक्षीस पती, पत्नी, मुले, नातवंडे यांना दिले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क जवळपास नावापुरतेच आहे. दर सरकार बदलत असते, म्हणून दस्त लिहिण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयात चालू दर विचारा.

तेराव्याच्या दिवशी बहिणी माहेरी जमलेल्या असतात, डोळे रडून सुजलेले असतात आणि कोणीतरी कागद पुढे करतो. अशा वेळी सही करू नका. हक्क सोडायचाच असेल तर सोडा, तो तुमचा निर्णय. पण आधी सगळ्या मिळकतींची यादी मागा, गट नंबरांसह. आणि कोणाच्या लाभात सोडताय ते वाचा. एका भावाच्या नावाने सोडलेला हिस्सा त्या एकाकडेच जातो, सगळ्या भावंडांत वाटला जात नाही. आईच्या लाभात सोडणे हा एक चांगला पर्याय अनेकदा सुचतच नाही.

वाटपपत्र म्हणजे सगळ्यांच्या संमतीने कोणाला काय ते लिहून, नोंदवून घेणे. त्यात सगळ्यात मोठा हिस्सा सोडून उरलेल्या हिश्श्यांवर मुद्रांक शुल्क लागते. शेतजमिनीच्या वाटपाला ते अगदी कमी आहे, आणि मे 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यावरची नोंदणी फीही माफ करण्याचा निर्णय घेतला.

शेतीसाठी तिसरा रस्ता म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडे अर्ज. सगळ्या सहधारकांची संमती असेल तर हाच सगळ्यात स्वस्त. अर्जासोबत एकूण एक गटांचे सातबारे, 8-अ, वंशावळ आणि कोणाला कुठला तुकडा याचा हाताने काढलेला नकाशा द्या. नोटिसा निघतात, सगळ्यांचे जबाब होतात, आदेश होतो, मग फेरफार. कोणी मालकीवरच वाद घातला तर तहसीलदार थांबतो आणि दिवाणी कोर्टाकडे पाठवतो. तुकडेबंदी कायद्याची अट सांभाळावी लागते. ऑगस्ट 2023 पासून राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे तुकड्याचे किमान क्षेत्र, बागायतीला 10 गुंठे आणि जिरायतीला 20 गुंठे आहे, त्याखालचा तुकडा पाडला तर नोंद अडते.

या अर्जात लोक क्षेत्र बरोबर लिहितात आणि भांडण ज्यावरून होते ते विसरतात. विहीर कोणाच्या तुकड्यात आली? ती सामाईक ठेवायची असेल तर पाण्याच्या पाळ्या लिहा: कोणाची पाळी कोणत्या वाराला, किती तास, मोटारीचे बिल कोण भरणार, गाळ काढायचा खर्च कसा वाटायचा. आतल्या तुकड्यावर जायला वाट कुठून, किती फूट रुंद, त्यातून ट्रॅक्टर-ट्रॉली जाईल का. बांधावरचे आंबे आणि चिंचा कोणाच्या. पाइपलाइन कोणाच्या शेताखालून जाते आणि फुटली तर खणायला परवानगी लागेल का. हे सगळे अर्जात आणि जबाबात आले तर पुढच्या पिढीला बांधावर उभे राहून भांडावे लागत नाही. आदेशानंतर भूमी अभिलेख कार्यालयाकडून पोटहिस्सा मोजणी करून हद्दीच्या खुणा रोवून घ्या. नुसता सातबारा वेगळा झाला आणि मोजणी राहिली, तर वाद मिटला नाही, फक्त पुढे गेला.

चौथा रस्ता दिवाणी कोर्टातला वाटपाचा दावा. संमती मिळतच नसेल तर तोच. दाव्यात सगळे सहहिस्सेदार आणि सगळ्या मिळकती घालाव्या लागतात. एक बहीण किंवा एक गट राहिला तर त्यावरच दावा अडतो. कोर्ट आधी प्राथमिक हुकूमनाम्यात हिस्से ठरवते. मग घर असेल तर कोर्ट कमिशनर जागा बघून वाटणी सुचवतो, सारा लागणारी शेती असेल तर काम जिल्हाधिकाऱ्याकडे जाते, आणि शेवटी अंतिम हुकूमनामा होतो. दोन खोल्यांचे घर चौघांत वाटता येत नाही. अशा वेळी मिळून निम्मा किंवा जास्त हिस्सा असलेल्यांनी मागितले तर कोर्ट विक्रीचा हुकूम देऊ शकते आणि इतर हिस्सेदारांना ठरलेल्या किमतीत आधी घेण्याची संधी मिळते. दावा दाखल केला की त्याच आठवड्यात लिस पेंडन्सची, म्हणजे या मिळकतीवर दावा चालू असल्याची, नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, म्हणजे मधल्या काळात कोणी हिस्सा विकला तरी घेणाऱ्याला दाव्याची माहिती नव्हती असे म्हणता येणार नाही. असे दावे वर्षानुवर्षे चालतात, आणि तोवर फ्लॅट बंद राहतो, शेत पडीक राहते. म्हणून दावा चालू असतानाही तडजोडीचे बोलणे सोडू नका. तडजोडीचा हुकूमनामा तिथेच घेता येतो.

वाटणी कोणत्याही रस्त्याने झाली तरी कागदाचे शेवटचे टोक बांधून घ्या. फ्लॅट असेल तर सोसायटीकडे हक्कसोडपत्राची किंवा बक्षीसपत्राची प्रत देऊन भाग दाखल्यावर नवीन नाव घालून घ्या आणि नवे नामनिर्देशन भरा. घरपट्टी आणि वीजमीटरवरचे नाव बदला. शेती असेल तर प्रत्येकाचा स्वतंत्र 8-अ निघाला का ते बघा, पीककर्जाचा बोजा कोणाच्या सातबाऱ्यावर राहिला ते तपासा आणि सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज फिटले असेल तर बोजा कमी करण्याचा अर्ज त्याच फेरीत देऊन या.